एम-वन ‘समजतं’ पण ‘निघत’ नाही? ॲप्लाइड कॅल्क्युलसच्या अभ्यासाची रीत

“सर, समजून तर राहिलं, पण करता नाही येऊन राहिलं.” फर्स्ट इयरचा दुसरा महिना लागला की हे वाक्य दरवर्षी कानावर येतं. पोट्टे खोटं बोलत नाहीत. फळ्यावर गणित उतरत असताना प्रत्येक ओळ कळतेच, कारण पुढची ओळ कोणती हे दुसरं कोणीतरी ठरवत असतं. आपल्यासमोर कोरा कागद आला की तो निर्णय आपल्याला घ्यावा लागतो, आणि त्याचा सराव आपण केलेलाच नसतो.

ॲप्लाइड कॅल्क्युलसमध्ये डेरिव्हेटिव्ह काढता न आल्यामुळे मार्क फार कमी जातात. ते जातात त्याच्या आधी (शब्दांतून समीकरण उभं करताना) आणि त्याच्यानंतर (बीजगणितात, एककांत, उत्तराचा अर्थ लावताना). तरी बहुतेक जण वेळ घालवतात तो मधल्या टप्प्यावर. हा लेख वेळेची वाटणी बदलण्याबद्दल आहे.

नजरेसमोर आहे ते नागपूर विद्यापीठाचं ॲप्लाइड मॅथेमॅटिक्स-१, म्हणजे आपलं एम-वन. तुमचं कॉलेज ऑटोनॉमस असेल तर युनिटांचा क्रम वेगळा असेल, पण माल तोच: डिफरन्शिएशन, टेलर-मॅक्लॉरिन, पार्शल डेरिव्हेटिव्ह, मॅक्सिमा-मिनिमा, डिफरन्शियल इक्वेशन. बायोलॉजी घेऊन बी.फार्मला गेलेल्या आणि पहिल्याच सेमिस्टरला रेमेडियल मॅथ्स समोर आलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. पॉलिटेक्निक करून थेट सेकंड इयरला आलेल्यांची अडचण आणखी वेगळी, त्यांच्या पुढ्यात एकदम एम-थ्री येतं. त्यांनी पुढचा भाग दुप्पट गांभीर्याने घ्यावा.

आधी जुनी उधारी फेडा

सीईटीची सवय इथे आड येते. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. पर्याय घालून बघायचे, उलटं जायचं, अंदाज बांधायचा. तिथे ते बरोबरच होतं. विद्यापीठाच्या पेपरात तीन तास असतात. सात मार्कांच्या प्रश्नाला पंधरा मिनिटं सहज मिळतात, पण प्रत्येक पायरी दाखवावी लागते. दोन वर्षं जो हात पायऱ्या गाळायला शिकला, त्याला आता पायऱ्या लिहायला शिकवायचं आहे.

पहिल्या पंधरा दिवसांत स्वतःची एक चाचणी घ्या. पुस्तक बंद, कॅल्क्युलेटर बंद. (क्ष² + ९) चं वर्गमूळ म्हणजे क्ष + ३ होतं का? क्ष = ४ घालून बघा: खरं उत्तर ५, हे ७ सांगतं. लॉग (अ + ब) ची फोड करता येते का? १ भागिले (अ + ब) ची? दोन्हींचं उत्तर नाही. १ भागिले वर्गमूळ क्ष हे क्ष चा घात उणे अर्धा असं पटकन लिहिता येतं का? पूर्ण वर्ग करता येतो का, पार्शल फ्रॅक्शन जमतात का, साइन २थीटा आठवतं का? सरळ रेषा, पॅराबोला, लॉग, एक्स्पोनेन्शियल यांचे आलेख हाताने, ओबडधोबड का होईना, काढता येतात का?

जिथे अडखळाल तेवढंच अकरावी-बारावीच्या पुस्तकातून काढा. पूर्ण बारावी पुन्हा करायला बसू नका, त्यात सेमिस्टर संपतं. रोज अर्धा तास दिला तर दोन आठवड्यांत ही उधारी फिटते. ती न फेडता लिबनिट्झ थिअरमवर (गुणाकाराचं एन-वं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) उडी मारली, की थिअरम बरोबर लावूनही उत्तर चुकतं आणि मग वाटतं की कॅल्क्युलस आपल्या डोक्याच्या बाहेरचं आहे.

वर्गातलं गणित त्याच दिवशी पुन्हा

वर्गात सगळं उतरवून घ्याच, पण पानाच्या उजवीकडे तीन बोटं जागा सोडा. सर जिथे एखादी युक्ती करतात (दोन्ही बाजूंचा लॉग घेतात, क्ष च्या जागी दुसरं काही घालतात) तिथे त्या जागेत ‘का?’ लिहा. कळलं असेल तर एका ओळीत कारण, नसेल तर नुसतं प्रश्नचिन्ह.

संध्याकाळी त्यातली दोन-तीन गणितं, वही झाकून, फक्त प्रश्न बघून सोडवायची. अडलात तर एक ओळ बघा, पुन्हा झाका, पुढे जा. हे कंटाळवाणं आहे आणि पहिल्या आठवड्यात फार चिडचिड होते. पण रात्री वही चाळताना ‘हो, हो, येतं’ असं जे वाटतं ते ओळखीचं समाधान असतं, येण्याचं नव्हे. विसरण्याबद्दल जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये जे मांडलं, त्याचा गाभा हाच की शिकलेलं सुरुवातीच्या तासांत सर्वांत वेगाने निसटतं. म्हणून त्याच दिवशी, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने.

व्हिडिओंचंही तसंच. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची उत्तम लेक्चर्स फुकट आहेत, यूट्यूबवर एम-वन एका रात्रीत संपवणारेही आहेत. काहीही बघा, पण प्रश्न पडद्यावर आला की पॉज करा आणि आधी स्वतः पाच मिनिटं झगडा. दीडपट वेगाने बघितलेली दहा गणितं आणि स्वतः सोडवलेलं एक, यात मी कधीही एक घेईन.

मांडणी: खरा खेळ इथे आहे

एक प्रश्न पूर्ण उलगडून बघू. संत्र्यांसाठी पुठ्ठ्याचं खोकं बनवायचं आहे. तळ चौरस, वरून उघडं, घनफळ ३२,००० घन सेंटीमीटर. पुठ्ठा कमीत कमी लागावा. मापं काय ठेवावीत?

पहिली गोष्ट, चित्र. सुंदर नको, पण हवंच. तळाच्या बाजूला क्ष, उंचीला उ, आणि शेजारी ‘सेमी’ लिहा. नाव दिलं पण एकक दिलं नाही, तर शेवटी हमखास घोळ होतो.

दुसरी गोष्ट, स्वतःला विचारा: कमी काय करायचं आहे? घनफळ नव्हे, ते तर ठरलेलं आहे. कमी करायचा आहे पुठ्ठा, म्हणजे पृष्ठफळ. तळ एक, बाजू चार, झाकण नाही. म्हणून पृष्ठफळ = क्ष² + ४ क्ष उ. इथे निम्मी मुलं सवयीने २क्ष² लिहितात, कारण ‘खोकं’ म्हटलं की त्यांच्या डोक्यात झाकण असतं. प्रश्नात ‘वरून उघडं’ या दोन शब्दांखाली रेघ मारली असती तर ते टळलं असतं.

तिसरी गोष्ट, अट. घनफळ ठरलेलं आहे म्हणून क्ष² उ = ३२,०००. यावरून उ = ३२,००० ÷ क्ष². हे वर घातलं की पृष्ठफळ = क्ष² + १,२८,००० ÷ क्ष. दोन चलांचं गणित एका चलावर आलं.

आता कॅल्क्युलस, आणि तोही एका ओळीचा: २क्ष − १,२८,००० ÷ क्ष² = ०. म्हणजे क्ष³ = ६४,०००, म्हणून क्ष = ४० सेमी. उंची ३२,००० ÷ १६०० = २० सेमी. पुठ्ठा १६०० + ३२०० = ४८०० चौरस सेमी.

इथे थांबून पेन खाली ठेवणाऱ्यांचा एखादा मार्क जातो. ४० ला पृष्ठफळ कमीत कमी आहे की जास्तीत जास्त, हे दाखवायचं राहिलं. दुसरं डेरिव्हेटिव्ह २ + २,५६,००० ÷ क्ष³, धन क्ष साठी कायम धन, म्हणून कमीत कमी. शिवाय खात्रीसाठी आजूबाजूला बघा: क्ष = ५० घेतलं तर ५०६० चौरस सेमी लागतो, ३० घेतलं तर सुमारे ५१६७. दोन्हीकडे जास्त. उत्तर पक्कं.

पूर्ण गणितात डेरिव्हेटिव्हची ओळ किती आली ते मोजा. म्हणून माझा आग्रह असा: आठवड्यातून एक बैठक ‘फक्त मांडणी’ची ठेवा. शब्दांतली दहा गणितं घ्या. चित्र काढा, नावं द्या, एककं लिहा, अट लिहा, एका चलात आणा, आणि डेरिव्हेटिव्ह घ्यायची वेळ आली की पेन उचलून पुढच्या गणितावर जा. सोडवायचं नाहीच. एका तासात दहा मांडण्या होतात, पूर्ण सोडवायला बसलात तर चारच होतील. हे सुचवलं की मुलं आधी नाराज होतात, उत्तर जुळवून बघण्याचा आनंद मिळत नाही म्हणून. महिनाभराने तीच मुलं प्रश्न वाचताना अडखळत नाहीत.

उत्तराला विचारा: तू खरं बोलतोस का?

न्यूटनचा थंड होण्याचा नियम डिफरन्शियल इक्वेशनच्या युनिटमध्ये भेटतो. चहा ९० अंशांवर आहे, खोली ३० अंशांवर. दहा मिनिटांत चहा ६० वर आला. ४५ वर कधी येईल?

घाईत येणारं उत्तर पंधरा मिनिटं: दहा मिनिटांत ३० अंश उतरला, मग १५ अंश उतरायला पाच मिनिटं. चूक. नियम म्हणतो, चहा आणि खोली यांच्यातला फरक जितका, तितक्या प्रमाणात वेग. फरक आधी ६० होता, दहा मिनिटांत ३० झाला, म्हणजे निम्मा. पुढच्या दहा मिनिटांत पुन्हा निम्मा, १५. खोलीचे ३० अधिक १५ म्हणजे ४५. उत्तर वीस मिनिटं. पेपरात एक्स्पोनेन्शियल घेऊन, स्थिरांक काढून पूर्ण लिहायचंच, पण हा निम्मे-निम्मेचा हिशेब आधी समासात केला असेल तर लांबलचक आकडेमोडीत हरवणार नाही.

आणखी एक कसोटी: वेळ कितीही वाढवला तरी चहा खोलीपेक्षा थंड होता कामा नये. खोली मे महिन्यातली, कूलर बंद, ४२ अंश धरली तर ४० अंशांचा चहा कधी मिळेल याचं उत्तर ‘कधीच नाही’. तुमच्या सूत्रातून तिथे ठरावीक मिनिटं येत असतील तर चिन्ह कुठेतरी उलटलं आहे.

एलआर सर्किटचंही (एल म्हणजे कॉइलचं इंडक्टन्स, आर म्हणजे रेझिस्टन्स) असंच तपासता येतं. एल २ हेन्री, आर १० ओहम, बॅटरी ५० व्होल्ट. स्विच लावल्याक्षणी करंट शून्य हवा, खूप वेळाने ५० ÷ १० = ५ अँपिअर हवा, आणि एल भागिले आर म्हणजे ०.२ सेकंदात त्याच्या सुमारे ६३ टक्के, म्हणजे ३.१६ अँपिअरच्या आसपास. सूत्र काढून झालं की या तीन जागी ते तपासा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

अर्थाचा सराव जाता-येताही होतो. हिंगण्याकडच्या कॉलेजातून लोकमान्य नगरवरून मेट्रोने बर्डीला (सीताबर्डी) येणारे पुष्कळ आहेत. दोन स्टेशनांमधला वेगाचा आलेख मनात काढा. समजा वीस सेकंदांत वेग शून्यावरून २० मीटर प्रति सेकंद झाला, तीस सेकंद तेवढाच राहिला, वीस सेकंदांत पुन्हा शून्य. आलेखाखालचं क्षेत्रफळ २०० + ६०० + २०० = १००० मीटर. ते अंतर का? कारण मीटर प्रति सेकंद गुणिले सेकंद म्हणजे मीटर. आणि आलेखाचा चढ म्हणजे ज्याने उभ्या माणसाला मागे ढकललं, ते त्वरण. इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह दोन्ही शंकर नगर यायच्या आत झाले.

चूक-वही

दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरे. प्रत्येक चुकलेल्या गणितासाठी तीन ओळी: काय चुकलं, कोणत्या प्रकारचं, पुढच्या वेळी कशावरून ओळखायचं. प्रकार चारच ठेवा: मांडणी, नियम, बीजगणित, वाचन-एकक.

नमुना: ‘साइन (३क्ष²) चं डेरिव्हेटिव्ह कॉस (३क्ष²) लिहिलं, ६क्ष राहिलं. प्रकार: नियम, चेन रूल. ओळख: कंसात नुसत्या क्ष पेक्षा जास्त काही दिसलं की आतलं डेरिव्हेटिव्ह आधी समासात लिहायचं.’ ‘सिली मिस्टेक’ असं मात्र या वहीत कधीच लिहायचं नाही. त्या नावाखाली चूक लपते आणि पुढच्या पेपरात पुन्हा येते.

दुसरा नमुना, जुन्या पेपरांतून वारंवार दिसणारा. (क्ष² + य²) भागिले (क्ष + य) चा साइन इन्व्हर्स म्हणजे यू, आणि ऑयलरचा थिअरम लावायचा. मुलं थेट यू ला लावतात. यू होमोजिनियस नाही (क्ष आणि य दोन्ही टी पट केले तर तो टी च्या एखाद्या घाताइतका पट होत नाही), साइन यू आहे, आणि त्याची डिग्री, म्हणजे तो घात, १. म्हणून थिअरम साइन यू ला लावायचा, मग कॉस यू ने भागायचं, आणि क्ष, य ने गुणलेल्या पार्शल डेरिव्हेटिव्हांची बेरीज टॅन यू येते. वहीत ओळख लिहा: ‘बाहेर साइन इन्व्हर्स, लॉग किंवा टॅन इन्व्हर्स दिसला की आधी तो उलटवायचा.’

महिन्याअखेरी वही चाळून प्रकार मोजा. बीजगणिताचा रकाना लांब असेल तर नवीन थिअरम वाचत बसू नका, पहिल्या पंधरा दिवसांचं काम पुन्हा करा.

गणितं मिसळा

पुस्तकातला स्वाध्याय एकाच धाटणीचा असतो: सलग वीस लिबनिट्झ. पाचव्यानंतर मेंदू काम करत नाही, फक्त हात करतो. पेपरात मात्र प्रश्नाच्या वर ‘इथे लिबनिट्झ लावा’ असं लिहिलेलं नसतं. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये कॉलेजच्या मुलांना घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर. म्हणजे सरावात सोपं वाटणं हीच फसगत.

करायचं असं: झालेल्या युनिटांतले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका, रोज चार काढा. सोडवायच्या आधी एका ओळीत लिहा की कोणती पद्धत लावणार आणि कशावरून ठरवलं.

अभ्यासिकेत बसत असाल तर एक सांगतो. तिथली शांतता पाठांतराला छान, पण गणित अधूनमधून मोठ्याने बोलावं लागतं. आठवड्यातून एकदा दोघा-तिघांनी कोणाच्या तरी घरी जमा आणि प्रत्येकाने एक गणित दुसऱ्याला समजवा. समजवताना ‘मग ते असंच येतं बे’ असं तोंडातून निघालं, की तिथे तुम्हालाच कळलेलं नाही. मोबाइलवर फोटो काढून उत्तर देणारी ॲप्स तपासायला वापरा, पण आपलं उत्तर लिहून झाल्यावर. जिओजेब्रा (आलेख काढून दाखवणारं सॉफ्टवेअर) मात्र आधीच उघडा. पार्शल डेरिव्हेटिव्हचे पृष्ठभाग फिरवून बघितले की सॅडल पॉइंट (एका दिशेने शिखर, दुसऱ्या दिशेने दरी) म्हणजे काय हे एका मिनिटात दिसतं, फळ्यावर ते कधीच नीट निघत नाही.

विंटर-समरचे जुने पेपर

सीनियरकडून विंटर-समरचे, म्हणजे हिवाळी-उन्हाळी परीक्षांचे, पेपर मिळवा, सिलॅबस बदललेला असेल तर गाळलेले टॉपिक खोडा. आधी सोडवू नका, फक्त वाचा आणि प्रश्नासमोर युनिट व पद्धत लिहा. चार-पाच पेपर झाले की कोणता प्रश्न कोणत्या वेशात येतो ते कळतं. विद्यापीठाच्या पेपरात युनिटनिहाय ‘हा किंवा तो’ अशा जोड्या असतात. त्यावरून ‘हे युनिट सोडून देऊ’ असे हिशेब सुरू होतात. एखादं युनिट ऑप्शनला टाकून चालत नाही, कारण निवड युनिटच्या आत असते, युनिटांमध्ये नव्हे.

परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत किमान दोन पेपर पूर्ण तीन तास, सलग, पाणी प्यायलाही न उठता. समरचा पेपर असेल तर हे सकाळी करा, दुपारच्या उन्हात कूलरच्या घरघरीत सराव होत नाही, झोप होते.

हॉलमध्ये पेपर हातात आला की पहिली दहा मिनिटं वाचायला द्या आणि प्रत्येक जोडीतला कोणता घेणार त्यावर खूण करा. निवडताना प्रश्नाचे उपप्रश्न सगळे बघा. पहिला सोपा, दुसरा अजिबात येत नाही, अशा जोडीत मुलं अडकतात आणि अर्ध्यावर खोडून दुसरीकडे जातात. कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे का ते साइन १ दाबून बघा: ०.८४१ आलं तर रेडियन, ०.०१७ आलं तर डिग्री. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस हे फक्त रेडियनमध्येच खरं आहे. अडलात तरी सूत्र, चित्र, अट एवढं लिहून ठेवा, पायऱ्यांचे मार्क असतात. आणि एखादा प्रश्न वीस मिनिटांवर गेला तर अर्धं पान कोरं सोडून पुढे चला. शेवटची दहा मिनिटं त्या कोऱ्या जागांसाठी आणि एककं घालण्यासाठी राखा.

पेपर झाला की चूक-वही रद्दीत देऊ नका. एम-टूमध्ये मल्टिपल इंटिग्रल आले की तेच बीजगणित, तोच चेन रूल आणि बहुतेक त्याच चुका परत लागतात.